सतरा नंबरचं मूल

आई गेली त्याला सत्तर दिवस झाले होते तेव्हा शेफालीचा फोन आला. तिला सतरा नंबरचं मूल हवं होतं.

दुपारची वेळ होती. भोरच्या घरात पुढच्या खोलीत मी भिंतीला टेकून बसले होते आणि मांडीवर माझ्या भावाचं, अजितचं, दीड महिन्याचं बाळ झोपलं होतं. माझी भावजय स्नेहल बाळंतपणाला आंबवड्याला माहेरी गेली होती, ती सव्वा महिना करून आठवड्यापूर्वीच परतली होती. आईच्या जाण्यामुळे बारसं लांबलं होतं, म्हणून बाळाला अजून नाव नव्हतं. पाळण्यात ठेवलं की ते रडायचं, स्नेहलने घेतलं तरी रडायचं, आणि माझ्या मांडीवर आलं की दोन मिनिटांत शांत व्हायचं.

"वन्सं, मांडीत अफू ठेवलीय का तुमी?" स्नेहल म्हणायची. "नऊ महिने वागवलं म्या, आणि ह्याला झोपायला आत्या लागती."

शेफाली पुण्याच्या एका प्रयोगशाळेत काम करते. लहान मुलांना मेंदूज्वर करणारे जिवाणू बहुतेक वेळ कोणाच्या तरी नाका-घशात निमूट राहत असतात. ज्याच्या घशात असतात त्याला काही होत नाही, त्याला ते कळतही नाही. कधीतरी ते दुसऱ्याच एखाद्या लेकराच्या रक्तात उतरतात आणि एका दिवसात होत्याचं नव्हतं करतात. शेफालीची मंडळी या जिवाणूंची जनुकं अक्षर अक्षर करून वाचतात, म्हणजे कोणता जिवाणू कोणाचा भाऊबंद आणि तो कुठून कुठे गेला ते समजतं.

वेल्ह्याकडच्या आमच्या वाडीत माझी आई, चंद्राबाई, आशा ताई होती. गेल्या दोन वर्षांत तीन वेळा तिने वाडीतल्या लहान मुलांच्या नाकातून घशापर्यंत कापसाची काडी फिरवून, ती नळीत घालून, बर्फाच्या डब्यातून पुण्याला पाठवली होती. काडी धरायला ती माझ्यावर शिकली. दिवाळीला मी गेले होते, तेव्हा ओसरीवर बसवून, डोकं भिंतीला टेकवायला लावून म्हणाली, "हलू नको." काडी आत गेली की डोळ्यांतून आपोआप पाणी येतं. पोरांना कशाला हा त्रास देतेस, असं मी विचारलं, तर म्हणाली, "म्हणून तर आधी तुला." नंतरच्या फेऱ्यांनाही, हात बसलेला असावा म्हणून, पहिली काडी माझ्याच नाकात.

नळीवर फक्त नंबर, वय आणि मुलगा की मुलगी एवढंच असायचं. नंबर कोणाचा, ते फक्त आईच्या वहीत.

"ताई, ती वही मिळेल का?" शेफालीने विचारलं. "भाटघरजवळच्या एका गावातली मुलगी आहे, अकरा महिन्यांची. पुण्यात अतिदक्षता विभागात आहे."

"भिमादादाची."

"नाव मला सांगता येत नाही."

तिने सांगायची गरज नव्हती. भिमा माझा मामेभाऊ. त्याची धाकटी पाडव्यानंतर आठवड्याभरात तापाने फणफणली आणि मान ताठ झाली, हे आम्हाला कळलं होतं. अजित जाऊन बघून आला होता.

"तिच्या पाठीच्या पाण्यात जो जिवाणू मिळाला," शेफाली सावकाश म्हणाली, "आणि नोव्हेंबरात तुमच्या वाडीतून आलेल्या सतरा नंबरच्या नळीत जो होता, ते एकच आहेत. बावीस लाख अक्षरांमध्ये तीन अक्षरांचा फरक."

"म्हणजे सतरा नंबरच्या मुलाने तिला दिला."

"त्याने, किंवा त्याच्या आसपासच्या कोणी. त्याचा काही दोष नाही. पण तो आजही कोणाच्या तरी जवळ असेल ना, ताई. त्या घरात एखादं तान्हं असेल, तर एक खोकला पुरे आहे. या जातीवरची लस लहान मुलांच्या नेहमीच्या सुयांमध्ये नसते. दोन दिवसांचं औषध आहे. घेतलं की नाक-घसा साफ. उद्या वाडीतल्या सगळ्या मुलांना देतायत, पण सहा कुटुंबं बाहेरगावी आहेत म्हणे. सतरावा त्यांच्यातलाच असला तर?"

बाळाने झोपेत ओठ हलवले. मी त्याच्या टाळूवरून बोट फिरवलं. कोणाच्या तरी घरातलं तान्हं, एवढंच माझ्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने नसरापूर आणि तिथून जीपने मी वाडीवर गेले. आई गेल्यापासून घर बंद होतं. कुलूप उघडल्यावर तेलाचा आणि औषधाच्या गोळ्यांचा मिळून जो वास आला, तो तिच्या पदराचाच वास होता. वही पेटीत सापडली, लाल कापडी पुठ्ठ्याची, शाळेच्या हजेरीपटासारखी लांबट. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. यादी हातात आली की मला बरं वाटतं. ओसरीवर उजेडात बसून मी पहिलं पान उघडलं.

एक, गेनू, अकरा महिने. दोन, कमळ, सव्वीस महिने. तीन, पप्पू. चार, बंडू.

आईचं अक्षर सातवी शिकलेल्या बाईचं होतं, गोल आणि सुटं सुटं. मला वाटलं, जुनी नावं पुन्हा ठेवतात हल्ली. मग बंडूपाशी थांबले. आमच्या वाडीत बंडू एकच होता. मी अंगणवाडीत असताना तो ओढ्याच्या डोहात गेला होता. पप्पू शेजारच्या घरातला, गोवराने गेलेला. कमळ मी पाहिलेली नव्हती, पण तिच्या आईला अजूनही सगळे कमळची आई म्हणतात. मी खाली खाली वाचत गेले. तेवीस नावं होती, आणि मला माहीत असलेलं त्यातलं प्रत्येक मूल कधीचंच मेलेलं होतं. महिने मात्र जिवंत मुलांसारखे वाढत गेले होते. गेनू पहिल्या फेरीत अकरा महिन्यांचा, दुसऱ्या फेरीत अठरा, तिसऱ्या फेरीत तेवीस.

सतराव्या ओळीत लिहिलं होतं: सोपान मानसिंग.

मानसिंग म्हणजे माझे वडील. सोपान माझा थोरला भाऊ, माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी मेंदूज्वराने गेलेला. सकाळी ताप आला, दुसऱ्या दिवशी मान मागे वळली आणि वेल्ह्याला नेईपर्यंत संपलं. शाळेच्या दाखल्यावर मी छाया आहे, घरी धोंडाबाई. मूल गेल्यावर पुढच्या मुलाला असंच नाव ठेवतात. दगडाला कोण नेतंय?

मी वही मिटली. पुन्हा उघडली, तरी नाव तिथेच होतं.

सखूबाई शेजारच्या अंगणात तांदूळ पाखडत होत्या. आईच्या वयाच्या, पण आईपेक्षा म्हाताऱ्या दिसणाऱ्या. गेनू त्यांचा.

"मावशी," मी म्हणाले, "आईने हे काय लिहिलंय?"

त्यांनी वहीकडे बघितलंच नाही. सूप हलवत राहिल्या. "तुला काय वाटलं, जित्या लेकराचं नाव दुखण्याच्या वहीत कोन लिवून देईल? तुझी आय दारोदार हिंडली. समद्यांनी हात जोडलं. शेवटी तिनंच वाट काढली. म्हनली, ज्याला एकदा न्हेलंय त्याला परत न्यायला कोन येतंय? तर त्येंचीच नावं लिवू. आमी समद्यांनी दिली, आपापली." सूप थांबलं. "माझ्या गेनूच्या आड एक पोर हाय. गेनू त्येला राखतोय."

"कोणतं पोर?"

"जोडी बोलायची न्हाई. बोलली की नाव मोकळं हुतं."

"आणि सोपानच्या आड कोण आहे?"

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "ते तुझ्या आयलाच ठावं," म्हणाल्या, आणि पाखडायला लागल्या.

अकराच्या सुमाराला अश्विनी आली. आईच्या जागी आलेली ही नवी आशा, पंचविशीची, स्कूटीवर मागे औषधांचं खोकं बांधून. तिला मी सगळं सांगितलं. तिने कपाळावर हात मारला, मग हसू दाबलं.

"चंद्राबाईंनी सरकारला भुतांची यादी दिली म्हणा की."

"सरकारला नाही, प्रयोगशाळेला."

"तेच वो. आता सतरावा शोधायचा कसा?"

"बायकांना विचारून."

"बायका बोलतायत होय? मागं डोस द्यायचा होता तर घरात असलेलं पोर मामाकडं गेलंय म्हणून सांगायच्या."

देवळापुढच्या कट्ट्यावर खोकं मांडलं. वजनकाटा, लाल औषधाच्या बाटल्या, मोजायची टोपणं. अश्विनीने बायकांना बजावून सांगितलं की दोन दिवस पोरांची लघवी केशरी होईल, घामही होईल, डोळ्यातलं पाणीसुद्धा. घाबरून दवाखान्यात पळत यायचं नाही.

"केशरी?" एक आजी म्हणाली. "मंग तेवढं पाडव्यालाच द्यायचं की, गुढीवर शिपडलं असतं."

हसणं झालं. मग अश्विनीने मुद्द्याला हात घातला. जोड्या सांगा म्हटल्यावर कोणी पदर नीट केला, कोणी पोराचं नाक पुसलं. कमळच्या आईने तर तोंडच फिरवलं. गेलेल्या मुलांची नावं त्यांची होती, मी फक्त वही घेऊन आले होते.

"बरं, नका सांगू," अश्विनी म्हणाली. "पण त्या सतराव्याच्या घरात एखादं तान्हं असंल. भिमाची पोर नळ्या लावून पडलीय पुण्यात. उद्या अजून एक नाव वाढंल तुमच्या वहीत. मंग त्याच्या आड कोनाला ठिवनार?"

मग सखूबाई उठल्या.

"धोंडे," त्या मला म्हणाल्या, "तू नाव वाच. आमी बोलनार न्हाई. पर उभं ऱ्हायाला काय बंदी न्हाई."

तर अशी ती हजेरी झाली. भर उन्हात, वही उघडून मी मेलेल्या मुलांची नावं मोठ्याने वाचत होते. गेनू म्हटल्यावर सखूबाई पुढे आल्या, गर्दीतल्या एका अडीच वर्षांच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या. अश्विनीने पोराचं वजन केलं, औषध पाजलं. कमळ म्हटल्यावर कमळची आई एका मुलाला दंडाला धरून घेऊन आली. तोंड अजून फिरवलेलंच होतं, पण हात सोडला नाही. पप्पू म्हटल्यावर दोन वेण्यांची एक मुलगी स्वतःच पुढे आली, जणू तिला रोज त्याच नावाने हाक मारत असावेत. बंडूची आई राहिली नाही, त्याच्या बहिणीने हात ठेवला. ज्यांची घरं बंद होती त्यांच्यासाठी बायकांनी नुसतं त्या दाराकडे तोंड केलं, आणि अश्विनीने कागदावर घराची खूण केली. कोणी एक शब्द बोललं नाही. मी तीस वर्षं या वाडीला ओळखते असं समजत होते. प्रत्येक जिवंत पोराच्या मागे दुसरं एक पोर उभं आहे, हे त्या सगळ्यांना माहीत होतं आणि मला नव्हतं.

सतरा मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

"सोपान," मी वाचलं.

कोणी हललं नाही. मी मान वर केली. कट्ट्यासमोर सोळा मुलं, प्रत्येकाच्या ओठांना लाल औषध लागलेलं. अश्विनीने कागदावरच्या खुणा मोजल्या. समोरची सोळा, बंद दारांची सहा.

"बावीस," ती म्हणाली. "वाडीत या वयाची पोरं बावीसच हायेत, ताई. घरोघरची मोजणी माझीच हाय. तेविसावं पोरच न्हाई."

वारा नव्हता. देवळातली घंटा वगैरे काही वाजलं नाही. फक्त सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या नजरेत नवल नव्हतं.

मी बाजूला जाऊन शेफालीला फोन लावला. बावीस मुलं सापडली, सतरा नंबरचं मूल नाही, असं सांगितलं.

"असं कसं? तीन वेळा नळी आलीय." तिकडे कळफलकाचा आवाज आला. "तिन्ही वेळा तोच जिवाणू. मधे दोन-तीन अक्षरं बदललेली, जशी एकाच माणसात राहून बदलतात. खरं तर इतके दिवस तो एका घशात सहसा टिकत नाही. थांबा. बाकीच्यांची वयं वाढलीयत. याचं वय बघा. चोवीस महिने. पुढच्या फेरीत चोवीस महिने. त्याच्या पुढच्या फेरीतही चोवीस. ताई, हा मुलगा दोन वर्षांचाच राहिलाय."

"हो," मी म्हणाले. "तो दोन वर्षांचाच आहे."

मी तिला सोपान कोण ते सांगितलं.

"तुमच्या आईंनी मला एकदा विचारलं होतं," ती म्हणाली. "प्रशिक्षणाच्या वेळी. सगळ्या गेल्यावर मागे थांबल्या होत्या. म्हणाल्या, हे जंतू माणसाच्या नाकात किती दिवस राहतात? मी म्हटलं, काही आठवडे, काही महिने. तर म्हणाल्या, आणि घरात? मला प्रश्न कळला नाही. मी म्हटलं, घरात म्हणजे भिंतींवर वगैरे नाही राहत. त्या नुसत्या हसल्या."

मी फोन ठेवला. आमच्या ओसरीची भिंत तिथून दिसत होती. आईने माझं डोकं जिथे टेकवायला लावलं, तिथे तेलाचा फिकट डाग आहे. हलू नको. पहिल्या दिवाळीला एकदा, जूनमध्ये एकदा, गेल्या दिवाळीला एकदा. काड्यांची वेष्टणं चुलीत जाताना मी पाहिली होती. काड्या जाताना पाहिल्या होत्या का?

तिने त्या पाठवल्या होत्या. मुलगा म्हणून, चोवीस महिन्यांचा म्हणून, त्याच्या नावाने. ज्याने सोपानला नेलं ते आमच्या घरातून गेलं का, एवढंच तिला कळून घ्यायचं होतं, असं मला वाटतं. आणि ते जर माझ्यात असलं, तर माझ्या नावाने कोणी यायला नको.

सखूबाई माझ्यामागे येऊन उभ्या होत्या. "कळलं व्हय?" त्या हळू म्हणाल्या. "आमी समद्यांनी एकेक नाव दिलं. तुझ्या आयनं बी दिलं. तिची दुसरी कोन लेक हाय राखायला?"

पाडव्याला भिमा आणि त्याची बायको आम्हाला भेटायला भोरला आले होते. घरात कोणी गेलं की पहिल्या सणाला नातलग गोडाचा डबा घेऊन येतात आणि बसलेल्या बाईच्या मांडीवर लेकरू देतात, मांडी रिकामी राहू नये म्हणून. त्यांनी धाकटीला माझ्या मांडीवर ठेवलं होतं. आई गेल्यावर मी तोपर्यंत रडले नव्हते. त्या दिवशी तिच्या केसांत तोंड खुपसून रडले. पोर गंमत वाटून माझ्या नाकाला हात लावत होती.

आणि आता आठवडाभर दुसरं एक लेकरू माझ्या मांडीवर झोपत होतं, तोंड माझ्याकडे करून.

मी अश्विनीला सांगितलं; ती भोरच्या डॉक्टरांशी बोलली, आणि मी स्नेहलला फोन केला.

"बाळ कुठंय?"

"पाळण्यात. आत्याची वाट बघतोय. सकाळपास्नं किरकिर चाललीय."

"ताप आहे?"

"न्हाई. का वो?"

"हात लावून बघ."

तिने काय ते माझ्या आवाजावरून ओळखलं असावं. पावलांचा आवाज, पाळण्याची करकर. त्या वेळात मी समोरच्या पोरांकडे बघत होते. एकजण लाल जीभ काढून दुसऱ्याला दाखवत होता.

"गार हाय अंग," ती म्हणाली.

मी तिला सांगितलं. सगळं नाही, सोपानचं नाही. एवढंच की सतरा नंबर मी आहे, भोरच्या डॉक्टरांशी अश्विनी बोलली आहे, त्यांनी बाळाला, तिला आणि अजितला घेऊन लगेच यायला सांगितलं आहे. बाळाला तपासून औषध देतील. मी दोन दिवस इथेच राहीन.

"पण तुमी तर रोज त्याला..." ती म्हणाली आणि थांबली.

"हो."

"तुमाला ठावं नव्हतं, वन्सं."

"नव्हतं."

औषध घेण्याआधी अश्विनीने माझ्या नाकातून काडी फिरवली. ओसरीवर, त्याच भिंतीशी. तिचा हात आईइतका हलका नव्हता. मग मी लाल कॅप्सूल घेतल्या.

ते दोन दिवस मी आईच्या घरात एकटी राहिले. काही वाचता आलं नाही. दर तीन तासांनी स्नेहल फोनवर नुसतं "गार हाय" म्हणायची आणि ठेवायची. बाहेर पोरं केशरी लघवीच्या धारा एकमेकांना दाखवत होती, कोणाची झेंडूसारखी कोणाची शेंदरासारखी यावर भांडण चालू होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पेटीत वही ठेवताना मला तळाशी आईची जुनी चोळी मिळाली. ती नाकाशी धरली. बाजूला केली तेव्हा तिच्यावर दोन केशरी डाग पडले होते. ते अजून गेलेले नाहीत.

घरात दुसरं कोणी आहे असं मला त्या दोन दिवसांत एकदाही वाटलं नाही. उलट, काहीतरी सावकाश कमी होत चाललं आहे असं वाटत होतं. खोली रिकामी करताना शेवटी आपलाच आवाज घुमायला लागतो, तसं. पहिल्या दिवशी गिळताना घशात जे नेहमीचं असायचं, आणि नेहमीचं म्हणून कधी जाणवलंही नव्हतं, ते दुसऱ्या संध्याकाळी नव्हतं. डॉक्टर म्हणतील हे मनाचे खेळ. मीही तेच म्हणते.

बाळाला काही झालं नाही. भिमाची मुलगी वीस दिवसांनी घरी आली. डाव्या कानाने ऐकू येतं की नाही ते अजून नक्की सांगता येत नाही म्हणतात. मी भाटघरला जाऊन भिमाला सगळं सांगितलं. तो गोठ्यापुढे उकिडवा बसून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मांडीवर आमीच दिली तिला, धोंडे." त्याची बायको आतच राहिली. निघताना मुलीला कोणी बाहेर आणलं नाही, आणि मीही मागितली नाही.

शेफालीचा फोन मेच्या शेवटी आला. औषधाआधी माझ्या नाकातून घेतलेल्या काडीत तोच जिवाणू होता. औषधानंतरच्या काडीत काहीच उगवलं नाही.

"अजून एक आहे," ती म्हणाली. "सांगू का नको, कळत नाही."

"सांगा."

"अक्षरं किती वेगाने बदलतात यावरून मागे मोजत जाता येतं. एखादी फांदी मूळ झाडापासून कधी वेगळी झाली, ते अंदाजाने काढता येतं. तुमची फांदी साधारण पस्तीस वर्षांपूर्वी वेगळी झालीय. दोन-तीन वर्षं इकडे तिकडे. आणि तेव्हापासून ती दुसरीकडे कुठेच सापडलेली नाही. आमच्याकडे हजारो नमुने आहेत, ताई. एकातही नाही. मधली सगळी वर्षं ती कुठे होती, कोणाकोणात होती, हे मला सांगता येत नाही."

सोपानला जाऊन चौतीस वर्षं झाली.

आई, वडील, मी, अजित. एकाच ताटातला घास, एकाच तांब्यातलं पाणी, थंडीत एका वाकळेत चार डोकी. कोणाच्या तरी श्वासात तो राहत आला असणार. कोणी थकलं की दुसऱ्याकडे गेला असेल. शेवटी माझ्याकडे. तो चौतीस वर्षं घरातच होता, आणि दोन दिवसांत, चार कॅप्सूलमध्ये, मी त्याला बाहेर काढलं. हे करायलाच हवं होतं. हे मी स्वतःला सांगते तेव्हा त्यात खोटं काही नसतं.

वहीत खरी नावं लिहायचं काम अश्विनीने माझ्याकडे दिलं होतं. बावीस ओळींना मी हात लावला नाही. शेफालीला वेगळ्या कागदावर नंबर आणि घरं दिली, ती तिला पुरली. सतराव्या ओळीवर मात्र काट मारली आणि पुढे माझं नाव लिहिलं, दाखल्यावरचं. सखूबाईंना दाखवलं तर म्हणाल्या, "छाया कोन?"

औषध संपवून मी भोरला परत आले, त्या दिवशी स्नेहल दारातच बाळ घेऊन उभी होती. मी आधी पाय धुतले, हात धुतले, मग पुन्हा हात धुतले.

"घ्या वो," ती म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय, आता काही न्हाई."

मी भिंतीला टेकून बसले आणि त्याला मांडीवर घेतलं. त्याने डोळे उघडे ठेवून माझ्याकडे पाहिलं. अनोळखी बाईकडे पाहावं तसं, बराच वेळ. मग तोंड वाकडं केलं आणि भोकाड पसरलं. मी मांडी हलवली, पाठ थोपटली, आई म्हणायची ती अंगाई म्हटली. थांबेना.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्याही. आता तो स्नेहलकडे झोपतो, पाळण्यातही झोपतो, अजितच्या खांद्यावर तर लगेच.

"अफू संपली वाटतं तुमची, वन्सं," स्नेहल हसत म्हणाली आणि त्याला माझ्याकडून घेऊन गेली.